बसण्याचं काम

"वारा फुकट मिळतो, एवढं तरी मान्य आहे ना, उस्ताद?"

"मान्य."

"फुकटच्या वाऱ्याची वीज स्वस्त पडते, हेही?"

"तेही मान्य."

"मग सही का करत नाही?"

इब्राहिम मुजावरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. समोरचा कागद होता तसाच राहिला.

बोरघळ धरणाच्या पायथ्याशी एक लहानसं वीजघर आहे. त्याचे ते प्रमुख. तीस वर्षं त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. समोर बसलेला निशिकांत वैराट वीस वर्षांपूर्वी याच खोलीत त्यांच्या हाताखाली शिकला होता. आता तो मोठा साहेब झाला होता. वरच्या वाघजाईच्या पठारावर दीडशे पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या त्याच्या देखरेखीखाली. पेपरात फोटो आला होता, गळ्यात हार होता.

आणि टेबलावरचा कागद हे वीजघर बंद करण्याचा होता.

"पठारावर वारा सुटला की बाजारात विजेचा भाव पडतो," निशिकांत सांगू लागला. "गेल्या आषाढात काही दिवस तो निम्म्यावर आला होता. निम्म्यावर! हे कोणी केलं? वाऱ्याने केलं."

"फार चांगली गोष्ट झाली. वारा चालतो तेव्हा माझं पाणी धरणात शिल्लक राहतं."

"आणि हे वीजघर गेल्या वर्षी किती तास चाललं, सांगू?"

"एकसष्ट."

"एकसष्ट तास! वर्षभराचा खर्च त्या एकसष्ट तासांवर टाकला तर इथली वीज सोन्याच्या भावाने पडते. लोक मला विचारतात, वारा फुकट, मग आमचं बिल का उतरत नाही? काय सांगू त्यांना? बाकीचं वर्षभर तुम्ही काय करता, उस्ताद?"

"बसतो."

निशिकांतला वाटलं, म्हातारा चिडून बोलतोय. पण चेहऱ्यावर राग नव्हता. वर्षभराने निवृत्त व्हायचं होतं. नोकरीची भीती असण्याचंही कारण नव्हतं.

"सही करतो," उस्ताद म्हणाले. "पण आधी एक काम कर. संध्याकाळपर्यंत माझ्या खुर्चीवर बस."

"बसून काय करू?"

"काही करायचं नाही."

निशिकांत हसला. "एवढंच?"

"एवढंच."

उस्ताद उठले आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले.

दुपारचे दोन वाजले होते. खुर्चीसमोर मीटरांची रांग. डाव्या हाताला मुख्य नियंत्रण कक्षाचा लाल फोन. मागे काचेपलीकडे यंत्र, थंड आणि गप्प.

अर्धा तास गेला.

निशिकांतने घड्याळ पाहिलं. मोबाइल पाहिला, त्याला रेंज नव्हती. पुन्हा घड्याळ पाहिलं.

"काहीच होत नाहीये, उस्ताद."

"हं..."

तीन वाजले. एकही काटा हलला नाही. इतकी वर्षं साहेबाचं आयुष्य बैठका, फोन आणि धावपळीत गेलेलं. नुसतं जागं राहून बसणं त्याच्या अंगाला टोचू लागलं. त्याने एकदा डोळे मिटले. बाकावरून हलकेच खोकल्याचा आवाज आला. त्याने डोळे उघडले.

चारच्या सुमारास बाहेर वारा वाढला. आषाढातला पठारावरचा वारा, तो दरीत उतरला की पत्रे थरथरतात. खिडकीच्या तावदानांनी आवाज धरला. निशिकांतचा चेहरा खुलला.

"ऐकताय ना? आज पठारावर विक्रमी वीज होणार. हा फोन काही वाजत नाही आता."

उस्तादांनी मान वर केली.

"पाच मिनिटांत येतो. धरणाच्या पायऱ्यांवर रेंज मिळते, कार्यालयात कळवतो."

"खुर्ची?"

"उस्ताद, एवढा वारा सुटलाय!"

तो बाहेर पडला.

पायऱ्या चढताना वारा त्याला भिंतीकडे ढकलत होता. वर पोचला आणि कठडा धरून त्याने पठाराकडे पाहिलं.

पवनचक्क्या थांबत होत्या.

आधी कड्याजवळची एक. मग तिच्या शेजारची. मग पाच-सहा एकदम. माणसाला धड उभं राहवत नव्हतं इतका वारा, आणि त्या वाऱ्यात पात्यांची धार वाऱ्याकडे वळवून एकेक चक्की स्थिर होत होती. कारण त्याला ठाऊक होतं. वारा हद्दीबाहेर गेला की चक्की मोडू नये म्हणून स्वतःच थांबते. शिकाऊ पोरांना त्याने हे शंभरदा सांगितलं होतं. पण सगळं पठार एकदम थांबलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

खाली फोन वाजत होता.

तो दोन-दोन पायऱ्या गाळत धावला. आत शिरला तेव्हा उस्ताद खुर्चीवर होते. फोन कानाला होता.

"हो... सगळं पठार? ... समजलं. लाइन किती वेळ तग धरेल? ... बरं. घेतो."

फोन ठेवता ठेवता त्यांनी पाण्याची झडप उघडली होती. जमिनीखालून घरघर उठली. काचेपलीकडचं यंत्र हललं.

"काय झालं?" निशिकांतला धाप लागली होती.

"पठाराचा सगळा भार बाहेरून येणाऱ्या एका लाइनवर गेलाय. तिला तो झेपत नाही. ती पडली तर तिन्ही तालुके अंधारात."

तीन तालुके. निशिकांतच्या डोळ्यांपुढून सरकारी दवाखाना गेला, पाणीपुरवठ्याचे पंप गेले. त्याचं स्वतःचं घरही त्यातल्याच एका गावात होतं.

यंत्राने वेग धरला. आता ते लाइनच्या चालीशी जुळवायचं होतं. गोल तबकडीत एक काटा फिरत होता. तो अगदी वर, बाराच्या जागी आला की बटण दाबायचं. आधी दाबलं तर यंत्राला असा झटका बसेल की ते मोडायचं.

काटा वर आला. निसटला. पुन्हा फिरला.

"दाबा ना, उस्ताद!"

उस्तादांचं बोट बटणावर होतं. ते हललं नाही.

फोन पुन्हा वाजू लागला. कोणी उचलला नाही.

काटा संथ झाला... आणखी संथ... घड्याळाच्या तासकाट्यासारखा वर चढत आला...

उस्तादांनी बटण दाबलं.

खोलीतला दिवा किंचित मंदावला आणि पुन्हा पूर्ववत झाला. लाइनच्या मीटरचा काटा तांबड्या पट्ट्यातून हळूहळू खाली उतरला.

फोन वाजल्यापासून सगळं मिळून तीन मिनिटंही झाली नव्हती. तालुक्याच्या बाजारात कोणाचा पंखासुद्धा थांबला नसेल. आपण कशातून वाचलो, हे तिथे कोणालाच कळणार नव्हतं.

वाऱ्याचा जोर ओसरायला पाऊण तास लागला. पठारावरून एकेक पवनचक्की पुन्हा फिरू लागल्याचे निरोप आले. मग उस्तादांनी झडप मिटली. यंत्र गप्प झालं. त्यांनी खुर्ची मोकळी करून दिली. निशिकांत पुन्हा तिच्यावर बसला.

या वेळी त्याने घड्याळ पाहिलं नाही.

दिवस मावळल्यावर उस्ताद उठले, टेबलाशी आले आणि खिशातलं पेन काढलं.

"आण तो कागद. शब्द दिला होता."

निशिकांतने कागद त्यांच्यापुढे केला नाही. चार घड्या घालून स्वतःच्या खिशात ठेवला. मग लाल फोनवरून आपल्या वरिष्ठांचं घर जोडून मागितलं.

"साहेब, बोरघळचा प्रस्ताव मी मागे घेतोय... नाही, त्यांनी अडवलं नाही. ते सहीला तयार आहेत... हो, हे वीजघर ठेवलं तर दर थोडा वाढेल, ठाऊक आहे... वाऱ्याच्या हिशेबात आपण हे धरलंच नव्हतं, साहेब. धरायला हवं होतं... चूक माझी आहे. मी लेखी देतो."

त्याने फोन ठेवला. उस्ताद खिडकीतून बाहेर पाहत होते, जणू काही ऐकलंच नाही.

निघताना तो दारात थांबला. वीस वर्षांपूर्वी याच दारात तो रोज पाया पडायचा. आज वाकला तेव्हा उस्तादांनी त्याला खांद्याला धरून उभं केलं.

"उस्ताद, एक विचारू?"

"विचार."

"सकाळचे हवामानाचे सगळे अंदाज मी स्वतः वाचले होते. एकातही असं काही नव्हतं. आज पठार थांबणार, हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठे कळलं होतं?"

"मग आजच मला का बसवलंत?"

उस्तादांनी दाराची कडी हातात घेतली.

"कळलं असतं, तर बसायची काय गरज होती?"