मास्तरांनी न मारलेला वजीर

"पण मास्तर, तुम्ही वजीर मारत का नाही?"

प्रभंजनने तिसऱ्यांदा विचारलं. लॅपटॉपच्या पडद्यावर काळा वजीर मास्तरांच्या घोड्याच्या तोंडी उभा होता. दस्तगीर मास्तर मात्र हात मांडीवर ठेवून बसले होते.

मिरजेत याच ओसरीवर मास्तरांनी त्याला सातव्या वर्षी बुद्धिबळ शिकवलं होतं. आता तो पुण्याहून स्वतः बनवलेला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम घेऊन आला होता. बाकीचे प्रोग्रॅम नवशिक्याला उभंच राहू देत नाहीत. त्याचा प्रोग्रॅम माणसासारखा चुकायचा. मास्तर नुसते हो म्हणाले, तरी त्यांच्या बुद्धिबळाच्या वर्गातली सगळी मुलं उद्यापासून त्यावरच सराव करणार होती.

"यानं मला भीक घातली," मास्तर म्हणाले. "वीस चाली मला घाम फोडला, आणि एकविसाव्या चालीला वजीर पुढ्यात फेकला. मी काय हात पसरला होता?"

"ती चूक आहे, मास्तर! मीच घातलीय. दर वीस चालींनंतर एक."

"दर वीस..."

मास्तरांनी लॅपटॉप मिटला.

प्रभंजनचं डोकं भणाणलं. नोकरी सोडून दोन वर्षं घासली होती त्याने.

"डाव न संपवताच नापास? तुम्हाला यंत्राचाच राग आहे, तसं सरळ सांगा की!"

मास्तरांनी कोनाड्यातला लाकडी पट काढला, मोहरे मांडले.

"बस."

प्रभंजन तिरीमिरीतच खेळला. प्यादी ढकलत, हत्ती घुसवत तो मास्तरांच्या राजावर चालून गेला. आता दोन चालींत मात... त्याने हत्ती पटावर आपटला.

मास्तरांनी शांतपणे उंट उचलला आणि पटाच्या दुसऱ्या टोकाला त्याचा वजीर मारला.

तो उंट केव्हाचा तिथंच होता. शेंबड्या पोरालाही दिसला असता.

"दिसला नाही?"

"नाही..." प्रभंजनचे कान तापले. "मी तुमच्या राजाकडं बघत होतो."

मास्तरांनी मारलेला वजीर त्याच्या तळहातावर ठेवला. मग मिटलेल्या लॅपटॉपकडं बोट केलं.

"आणि त्यानं वजीर सोडला, तेव्हा तो कुठं बघत होता?"