भट्टीआळीतल्या पैठण्या

एकदा एक तरुण शिष्य आपल्या नगराचा नगराध्यक्ष झाला. खुर्चीवर बसताच त्याने भर सभेत शब्द दिला, "पाडव्यानंतरच्या पहिल्या बैठकीत भट्टीआळीच्या धुराचा बंदोबस्त करीन, नाहीतर खुर्ची सोडीन." भट्टीआळीत लोखंड ओतण्याच्या भट्ट्या होत्या. त्यांत जुने टायर जळत आणि तिथली पोरे रात्रंदिवस खोकत.

पण नगरसेवक मोठे वस्ताद! ते सगळे राहत टेकडीवर, आणि वारा टेकडीकडून आळीकडे वाहे. त्यांनी धुरासाठी एक समिती नेमली, मग तिच्यावर देखरेख ठेवायला दुसरी. हवा मोजायचे यंत्र टेकडीवरच्या बागेत बसवले आणि त्याच्याभोवती सकाळ-संध्याकाळ टँकरने पाणी मारायला लावले. यंत्र बिचारे रोज 'हवा उत्तम' असा निर्वाळा देई. भट्ट्यांना गॅसची जोडणी देण्याचा ठराव मात्र प्रत्येक बैठकीत पुढे ढकलला जाई.

पाडवा तोंडावर आला तसा शिष्य रडकुंडीला येऊन आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, माझा शब्द जातो आहे. काय करू?"

गुरुजी म्हणाले, "नगरसेवकांना सांग, यंदा तुमच्या मानाच्या गुढ्या भट्टीआळीत उभारू. फोटोही झकास येतील. फक्त गुढीला प्रत्येकाच्या घरची नवी पैठणी हवी."

"आणि ठराव?"

"आधी सण तर होऊ दे, बाळा."

शिष्याला काही उमगेना. नगरसेवक मात्र फोटोच्या नावाने हुरळून गेले. पाडव्याच्या सकाळी आळीत ढोल वाजले, श्रीखंडाच्या वाट्या फिरल्या, मोरपंखी, जांभळ्या, पिवळ्याधमक पैठण्या बांबूंवर झळकल्या. काय थाट होता म्हणून सांगू! फोटो काढून मंडळी टेकडीवर परतली. भट्ट्यांना काही सणाची सुट्टी नसते. त्या धगधगतच राहिल्या.

सूर्यास्ताला गुढ्या उतरवायला नगरसेवकांच्या बायका हळदीकुंकू घेऊन आल्या आणि वर बघतच राहिल्या. पिवळी कुठली न् जांभळी कुठली, ओळखू येईना.

"अगं बाई, माझी पैठणी!" उपाध्यक्षांच्या पत्नी रोहिणीताई ओरडल्या.

एका भट्टी कामगाराची बायको कडेवरच्या खोकणाऱ्या पोराला थोपटत म्हणाली, "वहिनी, ही एका दिवसात एवढी काळी झाली. आमची लेकरं तर इथंच वाढतात."

रोहिणीताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. पैठणी तशीच बांबूवर राहिली. त्यांनी पोराला जवळ घेतले.

त्यानंतर टेकडीवरच्या घराघरांत कोण कोणाला काय बोलले, ते इथे सांगण्याजोगे नाही. पुढच्या बैठकीत मात्र चहा येण्याआधीच ठराव मंजूर झाला, आणि सर्वांत आधी हात वर केला तो उपाध्यक्षांनी!

शिष्य पेढे घेऊन धावतच गुरुजींकडे गेला. "गुरुजी, कमाल झाली! पण हे घडले कसे?"

गुरुजी म्हणाले, "बाळा, ती माणसे दुष्ट नव्हती. त्यांच्यासाठी धूर हा सभेपुढचा एक विषय होता. विषय पुढे ढकलता येतो, श्वास पुढे ढकलता येत नाही. राज्यकर्त्याच्या उंबऱ्याआत जे शिरत नाही, ते त्याला लवकर दिसत नाही. आपण ते एक दिवस त्यांच्या घरात नेले, इतकेच."

त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि सहज विचारले, "हो, पण तू राहतोस कुठे रे?"

शिष्य गोरामोरा झाला. त्याचे घरही टेकडीवरच होते. मग तो स्वतःलाच खो-खो हसला आणि गुरुजींच्या पाया पडून भट्टीआळीत भाड्याची खोली बघायला निघाला.