तीन सकाळींची हाळी

फार फार पूर्वी, जंगलातली झाडं मोजायला अजून कुणी आलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. त्या जंगलात एक धनेशी राहायची. पहिल्यांदाच आई होणार होती, त्यामुळे तिला सगळ्याचीच धास्ती. वाऱ्याची, सापाची, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्याच निर्णयांची.

धनेश पक्ष्यांची रीत मोठी अवघड. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, चिखलाने आतून दार लिंपून घेते, चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. मग तिची पिसं गळतात. नवी पिसं येईपर्यंत उडायचं नाव नाही. नर फटीतून फळं भरवतो. म्हणजे घर चुकलं, तर माघारी फिरायची सोय नाही.

धनेशीने अकरा ढोल्या नापसंत केल्या. बाराव्या ढोलीत मात्र ती डोकावली आणि डोकं बाहेर काढेचना. तिरकं तोंड, ओलसर लाकडाचा वास, आणि भिंतीवर उन्हाची एकच बारीक पट्टी. अगदी आईच्या ढोलीत असायची तशी.

"हीच," ती म्हणाली.

ढोली विकणारा पिंगळा गोडबोल्या होता. "वहिनी, आजोबांपासून आमची आहे. तुमच्या उंबराची या हंगामातली फळं मला द्या, की ढोली कायमची तुमची."

शेजारच्या फांदीवरच्या म्हाताऱ्या सुतारपक्ष्याने टोचणं थांबवलं. "पोरी, तीन सकाळी हाळी दिलीस का?"

जुनी चाल होती ती. ढोली घेण्याआधी झाडाच्या शेंड्यावर बसून तीन सकाळी ओरडायचं, 'या ढोलीवर कुणाचा हक्क असेल, तर आत्ताच सांगा!'

पिंगळा हसला. "काका, आता कोण करतं हो तसलं? समोरच्यावर विश्वास नाही असं दिसतं ते. आणि वहिनी, आणखी एक जोडपं उद्या येणार आहे बघायला."

धनेशी ओशाळली. आपण फार शंकेखोर आहोत, असं तिला नेहमीच वाटायचं. नवरा म्हणाला, "अगं, तीन दिवसांनी काय बिघडतंय?"

"नको. चोचीतली जाईल," म्हणून ती आत शिरली आणि दार लिंपून मोकळी झाली.

तिने अंडं घातलं. पिसं गळली. विसाव्या दिवशी फटीसमोर दोन पिंगळ्या येऊन बसल्या.

"कोण गं तू? आमच्या ढोलीत काय करतेस?"

"पिंगळ्याकडून घेतलीय मी."

"आमच्या भावाची एकट्याची कधी झाली? आजोबांनी तिघांना ठेवलीय. पलीकडच्या डोंगरावर राहतो म्हणून काय आम्ही मेलो?"

पिंगळा उंबरं खाऊन केव्हाच पसार झाला होता. निवाडा करायला सुतारपक्ष्याला बोलावलं. तो म्हणाला, "बहिणींचा हक्क खरा. पण पोर अंड्यावर बसलीय, तिला पंख नाहीत. पिल्लू उडेपर्यंत राहू द्या. मग ढोली सोडायची. उंबरं गेली ती गेली."

बहिणींनी ऐकलं. जाताना मोठी हळूच म्हणाली, "हाळी दिली असतीस, तर पहिल्याच सकाळी आलो असतो गं. डोंगरावर आवाज पोचतो."

आत एकटीच बसलेल्या धनेशीला आई आठवली. आई सांगायची, "ही ढोली घेताना हाळी देऊन देऊन घसा असा बसला, की तुझ्या बाबांना साधी हाक मारता येईना." मायलेकी खूप हसायच्या. वास लक्षात राहिला, उन्हाची पट्टी लक्षात राहिली. आईचा बसलेला घसा तेवढा ती विसरली होती.

पिल्लू उडायला लागलं, तशी ढोली सोडायची वेळ आली. ते सारखं मागे वळून बघत होतं.

"आई, ती उन्हाची पट्टी पण घेऊ या ना बरोबर?"

धनेशीने त्याला चोचीने हळूच पुढे ढकललं.

पुढच्या हंगामात नवी ढोली दिसली, तेव्हा ती आत डोकावलीच नाही. आधी शेंड्यावर जाऊन बसली. तिसऱ्या सकाळी तिचा आवाज हुबेहूब आईसारखा बसला होता.

मुलांनो आणि मोठ्यांनो, घर कितीही मनात भरलं, तरी त्यावर आणखी कुणाकुणाचा हक्क आहे हे चारचौघांत विचारल्याशिवाय त्याचं दार आतून लावून घेऊ नये.