आठवी घंटा

नदीपलीकडचा राजा आपल्याच प्रजेचा जीव घेत असे, आणि अलीकडचा राजा त्याला चोरून तोफा पुरवत असे. इकडच्या लोकांना मात्र सांगितलं होतं, की तिकडच्या देवळांसाठी घंटा ओतल्या जात आहेत. लोक भाबडेपणानं घरातले तांब्या-पितळेचे हंडे आणून देत.

ओतकाम रखमाजी ओताऱ्याकडे होतं. ‘तोफ’ हा शब्द तोंडातून निघाला तर मुंडकं उडेल, अशी त्याला ताकीद होती. त्याची लेक भागू पलीकडेच नांदत होती. सातवी तोफ गेली आणि आठवड्याभरात भागूच्या गावाची राख झाल्याची बातमी आली.

आठव्या घंटेसाठी राजा स्वतः चावडीवर आला. हंड्यांचा ढीग लागला. सरूआजीनं आपला हंडा ठेवत विचारलं, “महाराज, सात घंटा गेल्या. वाजतात तरी का नीट?”

राजा हसला. “रखमाजी, सांग आजीला, कशा वाजतात आपल्या घंटा!”

रखमाजीनं हात जोडले. “लई मोठ्यानं वाजतात, आजी. एकदा वाजली, की अख्खं गाव देवाघरी जातं. आमची भागूसुद्धा गेली.”

सरूआजीनं आपला हंडा उचलला. मग एकेकानं उचलला.

राजाला रखमाजीला शिक्षाही करता येईना. करायची, तर घंटा म्हणजे काय ते सांगावं लागलं असतं.

आठवी तोफ झाली नाही. पहिल्या सात मात्र रखमाजीच्याच हातच्या होत्या.