नदीतलं फुकटचं औषध

एक होतं रान आणि रानात होती एक नदी. नदीकाठी सोनकी नावाची पाणमांजर आपल्या एकुलत्या एका पिल्लाला घेऊन राहायची. वरच्या अंगाला प्रधान कोल्ह्याच्या मेहुण्याचा औषधांचा कारखाना होता. तिथलं औषध बाटलीत जाई त्याहून जास्त नदीत जाई.

एकदा पिल्लाचा पाय शिंपल्याने कापला आणि जखम चिघळली. बगळेवैद्यांनी गोळ्या दिल्या, मग दुप्पट दिल्या. पिल्लू तापाने फणफणतच राहिलं. सोनकीच्या तोंडचं पाणी पळालं.

"गुण का येत नाही, वैद्यबुवा?"

"अगं, जंतू रोज नदीतलं औषध पितात. मरण्याइतकं नाही, सवय होण्याइतकं. माझ्या गोळ्या आता ते न्याहारीला खातात."

सोनकी तडक दरबारात गेली. वाघमहाराजांनी प्रधानाकडे पाहिलं. प्रधान माईकपाशी आला.

"बंधूंनो आणि भगिनींनो, नदीत औषध आहे हा आरोप नाही, ही आपली कामगिरी आहे. घरोघरी, मोफत आणि न मागता."

टाळ्या पडल्या. काठावर महाराजांच्या फोटोचा फलकही लागला. तरी चौकशी हवीच, म्हणून तीन गाढवांची समिती नेमली. समितीने पाहणीचा दिवस आठ दिवस आधी कळवला, त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. पाण्याचा नमुना कारखान्याच्या वरच्या बाजूला घेतला, कारण खाली चिखल फार. पाणी निर्मळ निघालं. जंतूंची प्रकृतीही ठणठणीत आढळल्याने त्यांना 'सुदृढ नागरिक' पुरस्कार मिळाला.

आता मात्र सगळं रान खवळलं. मोर्चा निघाला, घोषणांनी दरबार दणाणला. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रधानाने आश्वासन दिलं आणि वर जिलबी वाटली. सगळ्यांना बरं वाटलं. मंडळी घरोघर गेली आणि मेहुण्याने कारखान्याला आणखी एक पाइप जोडला.

पिल्लू आता डोळेही उघडेना. बगळ्याने फडताळातून शेवटची बाटली काढली.

"हे दहा दिवस द्यायचं. तिसऱ्या दिवशी त्याला बरं वाटेल. म्हणून सोडलंस, तर उरलेले जंतू निर्ढावतात. मग कशालाच जुमानत नाहीत."

सोनकीने बाटली पोटाशी धरली. मग तिने दरबाराच्या दिशेने पाहिलं.

"वैद्यबुवा, आपला मोर्चा किती दिवस चालला होता?"

"दीड," बगळा म्हणाला. "जेवणाची सुट्टी धरून."