हिंगाच्या डबीतलं नाणं

फार फार वर्षांमागची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी ती लहानांसाठीच आहे असं म्हणत कान देऊन ऐकावी.

एका डोंगराळ राज्यात घोंगड्या विणणारा एक सनगर राहत होता. हात इतके कुशल की त्याच्या घोंगडीतून पावसाचा थेंब आत येत नसे. पण स्वभाव महाभित्रा! पान हललं तरी याचं काळीज हलायचं. एका वर्षी मेंढ्यांवर रोग आला आणि आठ दिवसांत सगळा कळप आडवा झाला. लोकरच नाही, तर घोंगडी कशाची विणणार? आता गाव सोडायची पाळी आली.

घरात एकच ठेव उरली होती. बापाने मरताना दिलेली हिंगाची लाकडी डबी, आणि तिच्यात चांदीचं एक नाणं. "खरं आहे. अडीनडीला काढ," एवढंच म्हातारा बोलला होता.

सनगराने डबी उघडली. नाणं पांढरं राहिलंच नव्हतं. कडेला निळं, आत जांभळं, मधोमध तांबूस. पारव्याच्या मानेसारखे रंग त्यावर खेळत होते.

"अगं, हे खोटं निघालं तर?"

बायको म्हणाली, "मग पोतदाराकडे न्या की. तो सांगेल."

पोतदार म्हणजे राजाचा नाणेपारखी. त्याचं नाव निघताच सनगराने पटकन डबी मिटली. त्या राज्याची रीतच तशी होती. नाणं खोटं निघालं की पोतदार छिन्नीने त्याचे दोन तुकडे करी, आणि एक तुकडा आणणाऱ्याच्या दारावर ठोकला जाई. सनगराच्या गल्लीच्या तोंडाशी असं एक दार होतं. त्या घरी कुणी विस्तव मागायला जात नसे, की त्या घरची मुलगी कुणी मागत नसे. त्या दारासमोरून जाताना सनगराचे पाय आपोआप भरभर पडत.

त्याहून मोठी एक भीती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. नाणं खोटं ठरलं तर बापही खोटा ठरणार.

"हात दाखवून अवलक्षण कशाला?" तो म्हणाला. "आधी इकडेतिकडे विचारून बघतो."

तो वाण्याकडे गेला. वाण्याने नाणं दगडावर जोरात आपटलं. खण्ण! "आवाज तर खरा आहे बुवा. पण मी शपथ घेणार नाही हं." नाण्याची कड चेपली.

सनगर हायसं वाटून घरी निघाला. गल्लीच्या तोंडाशी ते दार दिसलं आणि वाण्याने शपथ घेतली नव्हती हे त्याला आठवलं. दुसऱ्या दिवशी तो सोनाराकडे गेला. सोनाराने नाणं कसोटीच्या दगडावर खसाखसा घासलं. "कस चांगला आहे. पण शेवटचा शब्द पोतदाराचा."

पुन्हा तेच दार, पुन्हा तीच भीती. तिसऱ्या दिवशी तांबटाने कडेला खाच पाडून पाहिलं. "आतही पांढरंच आहे. पण आपलं काम तांब्याचं, बाबा." चौथ्या दिवशी लोहाराने नाणं भट्टीत लालभडक केलं. "वितळलं नाही, म्हणजे कथील नव्हे. बाकी देव जाणे."

आता मात्र बायको कडाडली, "चौघांनी खरं सांगितलं तरी तुमचा जीव भांड्यात पडत नाही! आज तुम्ही जाता, की मी जाऊ?"

सनगर गेला. पोतदाराच्या मांडीपाशी छिन्नी पडली होती. ती पाहून सनगराने डोळे घट्ट मिटून घेतले आणि घावाची वाट पाहत उभा राहिला. घाव काही पडेना.

"कशात ठेवलं होतंस रे?" पोतदाराने हलकेच विचारलं.

"हिंगाच्या डबीत, महाराज. बापाने ठेवलं होतं."

"बाप खरं बोलला. नाणं अस्सल आहे."

सनगर तिथेच मटकन बसला आणि हमसून हमसून रडला. त्याचं रडं थांबल्यावर पोतदाराने नाण्यावरच्या अक्षराच्या खोबणीत उरलेला निळा ठिपका त्याला दाखवला.

"हा रंग बघ. वर्षानुवर्षं हिंगाचा वास खाल्ला की चांदीवर तो चढतो. कथलावर नाही चढत. अरे, तो रंगच तुझा साक्षीदार होता! असं रंगलेलं नाणं राजा साठ मेंढ्या देऊन आपल्या खजिन्यात ठेवतो. हे कुणी ठोकलं? कुणी जाळलं?"

"मीच, महाराज. खरं की खोटं बघायला."

"मग आता ही नुसती चांदी. वजनावर जाईल."

वजनावर एक मेंढी आली. सनगर तिला घेऊन घरी परतला. बायको दारातच उभी होती. तिने मेंढीकडे पाहिलं, मग मेंढीच्या मागे वाटेकडे पाहिलं.

"बाकीच्या कुठं आहेत?"

"एकोणसाठ मेंढ्या मी वाटेत ठेवून आलो," सनगर म्हणाला. "वाण्याकडे, सोनाराकडे, तांबटाकडे आणि लोहाराकडे."

एका मेंढीच्या लोकरीवर माग चालत नाही. आठवडा सरायच्या आत नवरा-बायको गाव सोडून गेली आणि सनगराच्या घराला कुलूप लागलं. दारावर खोट्या नाण्याचा तुकडा नव्हता, पण दार उघडायलाही कुणी उरलं नाही.

तेव्हा मुलांनो, ध्यानात ठेवा: जो एका खऱ्या परीक्षेला भितो, त्याला दहा खोट्या परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्यांत त्याचं खरंही झिजून जातं.