थरथर गणितात नव्हती

“म्हणजे मला दीक्षा देणार नाही, आक्का?”

राधाक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कशाला हवी?”

“मनाला शांती नाही.”

विचारणारा होता मोरेश्वर खांबेटे. नीरेकाठच्या या लहानशा मठात आक्कांनीच त्याला अक्षरं गिरवायला शिकवली होती. पुढे तो विलायतेला गेला, विमानांचा इंजिनिअर झाला. पहिलं महायुद्ध संपून सोळा-सतरा वर्षं झाली होती आणि तिकडे पुढच्या युद्धाची तयारी चालली होती. मोरेश्वरच्या कारखान्यात लष्करासाठी दोन इंजिनांचं बाँबफेकी विमान तयार होत होतं. त्याच्या शेपटाचा आराखडा मोरेश्वरने काढला होता.

“शांती कुठे गेली?” आक्कांनी विचारलं.



“पहिला नमुना तयार झाला. पेंडल नावाचा वैमानिक तो उडवून बघायचा. एकदा खाली उतरला आणि म्हणाला, वेग वाढवला की शेपूट थरथरतं. मी माझा कागद त्याच्यापुढे धरला. म्हटलं, गणितात कुठेच थरथर नाही.”

“मग?”

“मग तो पुन्हा उडाला... शेपूट तुटलं. तो वाचला नाही.”

आक्कांचे हात थांबले.

“चौकशी झाली असेल.”

“झाली. वैमानिकाने विमान फाजील ताणलं, असं ठरलं. वर्तमानपत्रातही तेच आलं.”

“तू काय सांगितलंस?”

मोरेश्वर पिशवीचा बंद सोडू लागला.

“मोरू.”

“काही नाही सांगितलं. घरी येऊन गणित पुन्हा मांडलं. चूक सापडली. माझीच. राजीनामा दिला आणि बोटीत बसलो.”

त्याने पिशवीतून एक कोरी भगवी छाटी काढून पुढे ठेवली.

“सगळं सोडून आलोय, आक्का. म्हणाल तर बारा वर्षं मौन धरतो.”

“मौन तर धरलंच आहेस.”

मोरेश्वरचा चेहरा उतरला. छाटीबरोबर पिशवीतून एक पाकीटही बाहेर आलं होतं. आक्कांनी ते उचललं.

“हे कुणाचं?”

“काल विमानाच्या टपालाने आलं. कोल म्हणून नवीन वैमानिक आहे. दुसरा नमुना तयार झालाय. शेपूट तेच. तो विचारतोय, तुमच्याच आराखड्याचं आहे म्हणतात, तर निर्धास्त उडवू ना?”

“काय कळवलंस?”

“अजून काही नाही. मन जरा ठिकाणावर आलं की...”

“तो उडणार कधी?”

“सोमवारी.”

आक्का उठल्या. चुलीपाशी जाऊन सकाळच्या चार भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा घेऊन आल्या. छाटीची घडी त्यांनी मोडली, भाकऱ्या तिच्यात ठेवल्या आणि वर घट्ट गाठ मारली.

“अहो आक्का, ती दीक्षेची...”

“तारघर नऊ कोस लांब आहे. वाटेत भूक लागेल.”

गाठोडं हातात घेताना मोरेश्वर रडला. आक्कांनी त्याला रडू दिलं. मग स्वतः नदीच्या उतारापर्यंत पोचवायला गेल्या.

त्याने तार केली. ‘शेपूट सदोष. चूक माझी. उडू नका.’

तिसऱ्या दिवशी उलट तार आली. विमान जमिनीवरच ठेवलं होतं. चौकशी पुन्हा होणार होती आणि साक्षीला त्याला बोलावलं होतं. यानंतर कुठलाही कारखाना आपल्याला दारात उभं करणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने बोटीचं तिकीट काढलं.

जाण्याआधी तो मठात आला. आक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं, ते लवकर उचललं नाही.

“साक्षीची भीती वाटते?”

“नाही. तिथे मी सगळं सांगेन.”

“मग?”

“पेंडलची म्हातारी आई आहे. कारखान्यामागच्याच गल्लीत राहते. सहा महिने सगळे तिला सांगतायत, तुझ्या मुलाचंच चुकलं... ती भेटली तर तिच्याशी काय बोलू, आक्का?”

आक्का त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या...

“त्याचं चुकलं नव्हतं, एवढंच बोल. मग तिला बोलू दे.”